वसईचा दगड

गोव्याला जायचं म्हणजे आमच्याकडे कवळ्याला जायचं. शांतादुर्गा आमचं कुलदैवत. घरात लग्न झालं, मूल झालं, कुणाचं मोठं दुखणं बरं झालं, की वाईहून निघायचं, कवळ्याला ओटी भरायची, वाटेत मंगेशी आणि म्हार्दोळला हात जोडायचे आणि पणजीहून रात्रीची गाडी पकडून परत यायचं. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो गणपतीपुळ्याला. गोव्याला इतक्यांदा जाऊनही तिथला समुद्र आम्ही मुलांनी कधी पाहिला नव्हता.

फोंड्याहून पणजीला जाताना बाणस्तारीचा पूल ओलांडला की थोड्या वेळात जुनं गोवं लागतं. झाडीतून आधी बुरूज आणि कौलं दिसतात आणि मग एकदम रस्त्याच्या दोन्ही अंगांना ती थोरली चर्चं. आम्ही खिडकीला नाक लावायचो. ‘बाबा, उतरू या का?’ असं मी एकदाच विचारलं, बहुतेक सातवीत असताना. ‘आपली देवी यांच्यामुळे हलली,’ बाबा म्हणाले. आवाजात राग नव्हता. रेल्वेचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं त्यांनी. पुन्हा मी विचारलं नाही.

देवी हलली ते गोव्याच्या दक्षिणेतल्या सासष्टीतल्या केळशीहून. १५६० च्या दशकात पोर्तुगिजांनी सासष्टीतली देवळं पाडायला घेतली तेव्हा गावकऱ्यांनी आपापले देव उचलले आणि झुवारी नदी ओलांडून अंत्रुजात, म्हणजे आताच्या फोंडा तालुक्यात आणले. अंत्रुज तेव्हा आदिलशाहीत होता. मंगेश कुठ्ठाळीहून आला, म्हाळसा वेर्ण्याहून, शांतादुर्गा केळशीहून. आज कवळ्याला दिसतं ते देऊळ पुढे अठराव्या शतकात शाहू महाराजांचे मंत्री नारो राम यांनी बांधवलं. आमच्या आजीला यातलं एकही साल माहीत नव्हतं. ती फक्त एवढंच सांगायची, की देवीला होडीतून आणलं तेव्हा वल्ह्यांचा आवाज होऊ नये म्हणून त्यांना कापड गुंडाळलं होतं. हे खरं की कुणी रचलेलं, हे विचारायचं माझ्या कधी मनातही आलं नाही. त्या कापड गुंडाळलेल्या वल्ह्यांवरच मी वाढले.

या जूनमध्ये मी कवळ्याला एकटी गेले. बाबांचं वय झालं, आता प्रवास झेपत नाही, तेव्हा या वेळची ओटी माझ्याकडे. मिरग लागला होता. सकाळी साडेनऊलाच सगळं आटोपलं. हातात प्रसादाची पिशवी, डोक्यावर छत्री आणि रात्रीच्या गाडीपर्यंत अख्खा दिवस मोकळा. पणजीच्या बसमध्ये बसले आणि जुन्या गोव्यात गांधींच्या पुतळ्याच्या चौकात उतरले. ठरवून उतरले असं म्हणता येणार नाही, पण चुकूनही उतरले नाही.

फाटकापाशी दोघे-तिघे गाइड पुढे आले. मी नको म्हटलं. त्यांचा व्यवसाय आहे आणि पावसात गिऱ्हाईक थोडं असतं, म्हणून मन जरा खट्टू झालं. पण एक गोष्ट मी घरून घेऊनच आले होते. तिच्यावर दुसऱ्या कुणाची गोष्ट चढली असती, तर समोरचं पाहायचंच राहून गेलं असतं. पाट्या वाचायच्या, पाय नेतील तिकडे जायचं, एका जागी वाटेल तितका वेळ उभं राहायचं, एवढंच ठरवलं.

बॉम जेझस बासिलिका लांबून तांबडी दिसते. पावसात तर ओल्या विटेसारखी. २४ नोव्हेंबर १५९४ ला पाया घातला, १५ मे १६०५ ला अभिषेक झाला. दर्शनी भिंतीत खाली तीन दरवाजे, वर तीन मोठ्या खिडक्या, त्यांच्या वर तीन गोल खिडक्या, आणि सगळ्यांत वर येशूच्या नावाची तीन अक्षरं कोरलेला चौक. ही अक्षरं म्हणजे येशूसंघाची, जेझुइटांची खूण. हे सगळं फोटोत पाहिलेलं होतं. फोटोत न दिसलेली गोष्ट मला जवळ गेल्यावर दिसली. भिंत तांबडी होती, पण भिंतीतून पुढे आलेले खांब, त्यांच्या बैठका, त्यांच्या माथ्यावरची पानं, कोरीव पट्ट्या, हे सगळं काळं होतं. काळंभोर, घट्ट, पावसानं तुकतुकीत झालेलं.

हा दगड माझ्या ओळखीचा होता.

बाबा पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर होते. धोम धरणाचं काम चालू असताना ते तिथे होते. दगड बघायला आम्हाला त्यांनी शिकवलं. टिचकी मारून आवाज ऐकायचा. खणखणीत वाजला तर जिवंत, बद्द वाजला तर आत चीर. वाईतला घाट, मेणवलीतल्या नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा कृष्णेचा घाट, आमच्या घराचं जोतं, सगळं त्याच काळ्या पाषाणाचं. सह्याद्री म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेल्या लाव्ह्याचे थर, हे शाळेत नंतर कळलं. त्याआधी आमच्यासाठी तो नुसता ‘दगड’ होता. कोकणातला तांबडा, भोकाभोकांचा, पहारीनं खणून चिरे काढता येणारा तो ‘जांभा’. बाबा जांभ्याला दगड म्हणायलाच तयार नसत.

पायरी चढून मी त्या काळ्या बैठकीवर हात ठेवला. बोटांना टाकीच्या घावांची ओळ लागली. मेणवलीच्या घाटावर लागते तशीच.

हा दगड वसईहून आणलेला आहे. वसई १५३४ पासून पोर्तुगिजांकडे होती आणि बारीक कोरीव काम पेलेल असा कठीण दगड त्यांना तिथे मिळाला. तो जहाजांत भरून इथवर आणला. भिंतीला इथला जांभा, अलंकाराला वसईचा पाषाण. हे कळल्यावर मी पावसात तशीच उभी राहिले, कारण वसईहून निघालेली आणखी एक वस्तू मला लहानपणापासून माहीत होती.

मेणवलीच्या घाटावर एक घंटा आहे. देवळातल्या घंटांसारखी नाही, भलीमोठी आणि रुंद तोंडाची, आणि तिच्यावर बाळ कडेवर घेतलेली मेरी. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चांतल्या घंटा मराठ्यांनी उतरवून आणल्या. एक नाशिकला नारोशंकराच्या देवळावर आहे, एक भीमाशंकरला, आणखीही कुठे कुठे आहेत, आणि एक आमच्या मेणवलीला. शाळेच्या सहलीला गुरुजी आम्हाला ती घंटा दाखवायचे आणि वसईची लढाई सांगायचे, आणि आम्ही टाळ्या वाजवायचो. मीही वाजवल्या आहेत, मनापासून. वसईचा विजय मला आजही अभिमानाचा वाटतो. पण घंटा उतरवताना खाली उभं राहून कुणी तरी बघत असेल, हे त्या टाळ्यांच्या वयात सुचलं नव्हतं. बॉम जेझसच्या पायरीवर ते सुचलं आणि मला चांगलंच टोचलं. आमच्या आजीसारखी तिथेही कुणाची तरी आजी असेल, आणि वल्ह्यांऐवजी तिच्या गोष्टीत घंटेचे दोर असतील.

आत जाण्यापूर्वी मी चर्चला बाजूनं थोडा वळसा घातला. भिंतीवर शेवाळ. जांभ्याच्या चिऱ्यांचे कोपरे झिजून गोल झालेले, काही जागी चार बोटं आत जातील एवढे खळगे. सगळे ज्याचे फोटो काढतात ते हे तांबडं रूप या इमारतीचं मूळ रूप नव्हेच. जवळजवळ साडेतीनशे वर्षं हिच्या जांभ्याच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. चर्च पांढरं होतं आणि त्या पांढऱ्यावर वसईचा काळा दगड शाईनं रेघ ओढावी तसा उठून दिसत असणार. गिलावा काढला १९५० च्या दशकात, पोर्तुगीज राजवटीतच. इमारत प्राचीन दिसावी, तिचा दगड दिसावा, म्हणून. दगड दिसला खरा, पण जांभा हा काही उघड्यावर ठेवायचा दगड नाही. खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, वाऱ्यानं कठीण होतो, पण भोकांतून पाणी पितो आणि पिऊन पिऊन झिजतो. कोकणातली साधी घरंसुद्धा पावसाच्या बाजूची भिंत लिंपतात किंवा झावळ्यांनी झाकतात. चर्चच्या धर्मगुरूंनी अलीकडच्या वर्षांत या झिजेबद्दल जाहीरपणे काळजी बोलून दाखवली आहे आणि गिलावा परत चढवा अशी मागणीही होते आहे. दुसरीकडे तांबडं रूप लोकांच्या डोळ्यांत इतकं बसलंय, की पांढरं चर्च त्यांना परकं वाटेल. माझं विचाराल तर चढवावा. फोटो कसाही येवो.

दारात एका कोल्हापूरकडच्या बाईंनी चपला काढल्या. तशी काही गरज नव्हती, पण त्यांच्या पाठोपाठ मीही काढल्या. छत्री मिटली. पिशवी छातीशी धरली. ओटीचा नारळ, फुलं आणि कुंकवाची पुडी घेऊन आपण आत जातोय याचं दडपण आलं, ते कुणामुळे, कळलं नाही. देवी काय म्हणेल म्हणून, की इथले लोक काय म्हणतील म्हणून.

आत अंधार नव्हता, पण उजेड जपून वापरल्यासारखा होता. समोर अख्खी भिंतभर सोनेरी वेदी. नजर आधी जाते ती संत इग्नेशियसच्या मूर्तीकडे. येशूसंघाचा हा संस्थापक माणसाहून कितीतरी मोठा आहे, हात पसरून वर बघणारा. त्याच्या वर सूर्यासारख्या किरणांत येशूच्या नावाची तीच तीन अक्षरं आणि त्याही वर पिता, पुत्र, पवित्र आत्मा. मग मला वाटलं, ज्याच्या नावाचं हे चर्च तो कुठे आहे? बॉम जेझस म्हणजे चांगला येशू, बाळ येशू. शोधावा लागला. तो खाली, इग्नेशियसच्या पायांशी, छोटासा उभा होता. सगळ्या सोन्यात हरवून जाईल एवढा. मला तो आवडला. एवढ्या मोठ्या घराचा मालक एवढासा.

प्रवचनपीठ लाकडाचं, बारीक कोरलेलं. त्याच्या कडेनं येशू, चार शुभवर्तमानकार आणि चर्चचे चार आचार्य, आणि खाली सगळं ओझं पेलणाऱ्या आकृती. आमच्या देवळांतले खांब पेलणारे यक्ष आठवले. समोरच्या भिंतीत जेरोनिमो मास्करेन्यसचं स्मारक आहे. कोचीचा हा कप्तान १५९३ मध्ये वारला आणि त्याच्या मृत्युपत्रातल्या पैशातून हे चर्च उभं राहिलं. तिथे मी फार थांबले नाही.

उजव्या अंगाला संत फ्रान्सिस झेवियरची समाधी. सगळी गर्दी तिथे.

हा नव्हाराचा, म्हणजे स्पेनच्या उत्तरेचा माणूस. १५०६ चा जन्म. ६ मे १५४२ ला गोव्यात उतरला, मलाक्का, मोलुक्का, जपान करत फिरला आणि ३ डिसेंबर १५५२ ला चीनच्या किनाऱ्यासमोरच्या एका बेटावर वारला. देह आधी मलाक्काला आणि १५५४ मध्ये गोव्याला आला. पुढे १६१४ मध्ये उजवा हात रोमला नेला. चांदीची पेटी १६३६-३७ ची, गोव्याच्या चांदी-कारागिरांनी घडवलेली. तिच्यावर संताच्या आयुष्यातले प्रसंग पत्र्यांत उठवलेले आहेत. खालचा संगमरवरी चौथरा इटलीतून आला. टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याला संताच्या डोक्याखालची उशी मिळाली, तिच्या बदल्यात त्यानं शिल्पकार फोजिनीकडून हा करून घेतला. काम दहा वर्षं चाललं आणि १६९८ मध्ये समाधी इथे बसली. एका उशीसाठी एवढा संगमरवर. भक्तीचा हिशेब बाहेरच्यांना लागत नाही, आणि आम्ही नवसाची माणसं तरी कुठल्या तोंडानं विचारणार?

पेटी उंचावर आहे. खालून आतलं फारसं दिसत नाही. दर दहा वर्षांनी देह खाली आणून दर्शनाला ठेवतात. २०२४ च्या नोव्हेंबरपासून पुढच्या जानेवारीपर्यंत तो समोरच्या से कॅथेड्रलमध्ये होता.

गोव्यात लोक त्याला ‘गोंयचो सायब’ म्हणतात आणि त्यात हिंदूही असतात. माझ्या पुढेच एक जोडपं होतं, बाईच्या गळ्यात मंगळसूत्र, दोघांनी वाकून नमस्कार केला. माझे हात जोडले गेले नाहीत. याच माणसानं १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात धर्मन्यायसभा, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना शिक्षा करणारं इन्क्विझिशन, हवी असं कळवलं होतं. ती १५६० मध्ये आली, तो जाऊन आठ वर्षं झाल्यावर, आणि मधली काही वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत राहिली. ती येऊन जे झालं त्याचा सगळा भार एका पत्रावर टाकता येत नाही, हे मला समजतं. पण पत्र लिहिलं होतं, हेही खरंच. रोग्यांची सेवा करणारा, रस्त्यात घंटा वाजवत मुलांना गोळा करणारा आणि ते पत्र लिहिणारा माणूस एकच होता. मी त्याचे दोन तुकडे करून एकाला नमस्कार करू शकले नाही. नुसती बघत उभी राहिले. आपल्या माणसांची घरं ज्याच्या शब्दानं हलली त्याच्यासमोर उभं राहून नीट बघणं, एवढं मला त्या दिवशी जमलं, आणि मी ते घाई न करता केलं.

आणि त्याच पेटीपाशी आणखी एक आठवण निघाली, ती थेट आमच्या इतिहासातली. नोव्हेंबर १६८३. संभाजी महाराजांच्या फौजेनं इथून जवळचं जुवें बेट घेतलं. शहर आता पडणार असं सगळ्यांना वाटलं. तेव्हा व्हाइसरॉय काउंट ऑफ आल्व्होर याच चर्चमध्ये आला, पेटी उघडायला लावली, आपला अधिकारदंड आणि एक लेखी अर्ज संताच्या देहापाशी ठेवला आणि म्हणाला, आता गोवा तूच सांभाळ. मागून मुघलांची फौज चाल करून आली म्हणून मराठ्यांना परतावं लागलं. गोव्यानं मानलं, सायबानं राखलं. लहानपणी हा प्रसंग मी नेहमी बेटाच्या बाजूनं पाहिला होता, ओहोटीच्या चिखलातून येणाऱ्या मावळ्यांच्या बाजूनं. या पेटीच्या बाजूनं, मध्यरात्री मेणबत्तीच्या उजेडात, हात थरथरत असलेल्या एका अधिकाऱ्याच्या बाजूनं, पहिल्यांदाच पाहिला. गाऱ्हाणं घालायची पद्धत मात्र ओळखीची होती. कवळ्याला सकाळी मी काय वेगळं केलं होतं?

पाय दुखायला लागले तशी मागच्या बाकावर जाऊन बसले. छपरावर पाऊस जोरात वाजत होता. छत्र्यांचं पाणी फरशीवर पसरलं होतं, आणि पिशवी मी पायाशी ठेवली होती. शेजारी एक म्हाताऱ्या बाई जपमाळ ओढत होत्या. त्यांनी पिशवीकडे पाहिलं. वरून अबोलीचा वळेसर दिसत होता.

‘कवळ्याचो प्रसाद?’

मी मान हलवली. अपराध्यासारखी हलवली असणार.

‘मागीर सकयल दवरूं नाका, भिजतलो,’ असं म्हणून त्यांनी आपली पर्स सरकवली, वाकून पिशवी उचलली आणि आमच्या दोघींच्या मध्ये बाकावर ठेवली. नि पुन्हा माळ ओढायला लागल्या. आम्ही याहून एक शब्दही जास्त बोललो नाही.

त्या माळेच्या पुटपुटण्यात बसल्या बसल्या मला फादर स्टीफन्स आठवला. इंग्लंडहून आलेला हा जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि १६१९ मध्ये वारला. म्हणजे या चर्चचा पाया घातला तेव्हा तो इथे होता आणि अभिषेक झाला तेव्हाही. त्याचं बहुतेक आयुष्य सासष्टीत गेलं, आमच्या देवीनं सोडलेल्या सासष्टीत. तिथल्या नव्या ख्रिस्ती लोकांची जुनी पुराणं बंद झाली होती, आणि त्यांना ऐकायला काहीतरी हवं होतं. त्यांच्यासाठी त्यानं मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचलं, जवळजवळ अकरा हजार ओव्या, आणि ते १६१६ मध्ये रायतूरला रोमन अक्षरांत छापलं. देव बदलला तरी कानाला ओवीच हवी होती. कॉलेजात हे आम्हाला ‘मराठीचा गौरव’ म्हणून शिकवलं, आणि आहेच तो. पण ज्यांनी ती पहिल्यांदा ऐकली त्या कानांचा विचार मी त्या बाकावर केला. केळशीत मागे राहिलेल्या माणसांचे कान. ते आमचेच कुणी असतील. होडीत सगळे थोडेच मावले असणार.

बाहेर आले तेव्हा पावसाचा जोर होता. हे शहर एकेकाळी इतकं गजबजलेलं होतं, आणि रोगराईनं असं ओस पडलं की १८४३ मध्ये राजधानी अधिकृतपणे पणजीला गेली. आता चर्चं आणि हिरवळ उरली आहे. मी पुन्हा त्या काळ्या बैठकीपाशी आडोशाला उभी राहिले आणि दगडावर टिचकी मारली. जोतं एवढं मोठं, त्याचा काय आवाज येणार, पण सवय. तेवढ्यात बाबांचा फोन आला.

‘पणजीला पोचलीस का?’

‘नाही बाबा. जुन्या गोव्यात उतरले. चर्च पाहिलं आत जाऊन.’

पलीकडून काहीच नाही. टीव्हीचा आवाज तेवढा येत होता. मी घाईघाईनं सांगून टाकलं, की ओटी व्यवस्थित भरली, प्रसाद घेतलाय, आणि इथे आपला काळा दगड आहे.

‘तिकडे कुठला काळा?’

‘वसईचा. जहाजातून आणलेला. टाकीचं काम बघायला हवं होतं तुम्ही.’

‘आणि भिंती?’

‘जांभ्याच्या. गिलावा होता, तो काढलाय. सत्तरएक वर्षं झाली.’

‘काढला?’ टीव्ही बंद झाल्याचं ऐकू आलं. ‘जांभ्याचा गिलावा काढला? उघडीच ठेवलीय भिंत?’

‘हो.’

‘तोंड कुठे आहे तिचं? पाऊस कुठल्या अंगानं लागतो?’

मी छत्री उघडून चार पावलं मागे गेले आणि वर पाहिलं. दर्शनी भिंत पश्चिमेला तोंड करून उभी होती.

‘समोरूनच, बाबा,’ मी म्हटलं. ‘थेट तोंडावर.’